मानमोडीच्या सालचा मृत्यू : बार्देशात एका पूर्वजाच्या शोधाचे पाच दिवस

सावंतवाडीत स्थायिक झालेल्या एका ख्रिस्ती कुटुंबासाठी हा शोध होता. हाताशी चार गोष्टी होत्या: पणजोबांचं नाव जुझे, पणजीचं आना मारिया, मूळ गाव गोव्याच्या बार्देश तालुक्यातलं, आणि 'ते मानमोडीत गेले' हे घरात चालत आलेलं वाक्य. आडनाव आणि गावाचं नाव कुटुंबाच्या खासगीपणासाठी इथे देत नाही.

चारांतलं सगळ्यांत मोलाचं ते शेवटचं वाक्य. मानमोडी म्हणजे १९१८ सालची इन्फ्लुएंझाची साथ. गोव्यात जन्म, विवाह, मृत्यू यांची सरकारी नोंद १९१४ पासूनची. तेव्हा मृत्यू सरकारी दप्तरात मिळायला हवा, आणि जन्म त्याआधीचा म्हणून चर्चच्या बाप्तिस्म्याच्या पुस्तकात. शोध मृत्यूकडून जन्माकडे न्यावा, उलट नव्हे. मृत्यूच्या नोंदीत वय, आईबाप, जोडीदार, जन्मगाव एवढं एका जागी मिळतं. जुन्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत तो माणूस पुढे कुठे गेला याचा मागमूस नसतो.

आणखी एक गोष्ट निघण्याआधीच ठरवून घ्यावी: गोव्यात आडनावाचा दोरा धरून चालायचं नाही. सोळाव्या शतकात बाप्तिस्मा देताना पाद्रीचं नाहीतर धर्मपित्याचं आडनाव लागायचं. त्यामुळे सख्ख्या भावांची आडनावं वेगळी निघतात, आणि अर्ध्या गावाचं आडनाव एक असूनही नातं नसतं. खरी ओळख गाव, वाडा आणि गावकरीतलं, म्हणजे गावच्या जुन्या सामूहिक संस्थेतलं, वांगड (एका मूळ पुरुषाचं कूळ) यांनी पटते. शोधाचे पाचही दिवस वांगडाकडे पोचण्यासाठीच होते असं म्हटलं तरी चालेल.

पहिला दिवस, सोमवार : म्हापसे

म्हापशाचं काम शुक्रवारी ठेवू नये. त्या दिवशी बाजार असतो आणि शहरात पाय ठेवायला जागा नसते. पणजीहून कदंबची शटल बस धरली तर अर्ध्या तासात पोचता येतं. तिकीट चढण्याआधी खिडकीवर काढायचं.

बार्देश तालुक्याचं सिव्हिल रजिस्ट्रारचं कार्यालय इथेच आहे. खिडकीपाशी गर्दी असते ती बहुतेक पोर्तुगीज नागरिकत्वासाठी कागद काढणाऱ्यांची. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या वंशजांना लिस्बनमध्ये जन्मनोंद चढवायची असते. त्यामुळे समोरचा कारकून तुम्हीही त्याचसाठी आलात असं धरून जन्मदाखल्याचा अर्ज पुढे करतो. 'वंशावळीसाठी मृत्यूची नोंद पाहायची आहे' हे पहिल्याच वाक्यात सांगावं. अर्जात व्यक्तीचं नाव, अंदाजे साल, गाव आणि तुमचं नातं लिहावं. जुनी पुस्तकं सगळीच तालुक्यात असतील असं नाही, काही पणजीच्या पुराभिलेखात गेलेली असतात. फोनवर विचारून निघालं तर एक खेप वाचते.

सूची उघडल्यावर पहिला गोंधळ होतो तो क्रमाचा. पोर्तुगीज सूची आडनावाने लावलेली नसते, पाळण्यातल्या नावाने लावलेली असते. जुझे हवा असेल तर 'जे' खाली सगळे जुझे वाचायचे. दुसरा गोंधळ शुद्धलेखनाचा. १९११ साली पोर्तुगीज लेखनपद्धती बदलली. त्याआधी फिलिप हे नाव रोमन 'पीएच'ने लिहायचे, नंतर 'एफ'ने. तेरेझामधला 'एच' गळाला, इग्नासियोमधला 'जी' गेला. जुन्या वळणाचा कारकून १९११ नंतरही बरीच वर्षं जुनंच लिहितो, म्हणून दोन्ही अक्षरांखाली बघावं.

१९१८ च्या सूचीत त्याच गावचे, त्याच आडनावाचे चार जुझे निघाले. दोन लहान मुलं. उरलेल्या दोघांपैकी एकाच्या नोंदीत बायकोचं नाव वेगळं, दुसऱ्याच्या नोंदीत आना मारिया. एवढ्यावर 'सापडला' म्हणायचं नाही. पणजीचं माहेर कुटुंबाला ठाऊक नव्हतं, आणि आना मारिया हे नाव बार्देशात घरोघरी आहे. नोंद तात्पुरती मान्य करून पुढे निघालो.

मृत्यूच्या सरकारी नोंदीतून काय उतरवून घ्यावं: नोंदीचा क्रमांक, पुस्तकाचं साल, फोलियो (पत्राचा क्रमांक), मृत्यूची तारीख आणि तास, नोंद करायला आलेल्याचं नाव, वय, धंदा, आईबाप, ते हयात की मयत, मुलं मागे आहेत का, मृत्युपत्र आहे का, आणि दफन कोणत्या सिमितेरीत, म्हणजे दफनभूमीत. ह्या नोंदीत 'गावच्या पॅरिशच्या (एका चर्चच्या हद्दीच्या) सिमितेरीत' एवढंच होतं. धंद्याच्या जागी 'प्रोप्रिएतारियु' होतं. त्याचा अर्थ जमीनदार असा घेऊन हुरळून जाऊ नये. चार नारळ आणि एक खाजणाचा तुकडा असलेल्यालाही तेच लिहायचे. वय पन्नास, आणि पुढे 'पोकु माइश औ मेनुश', म्हणजे थोडंफार इकडेतिकडे. मृत्यूच्या नोंदीतलं वय पाचाच्या नाहीतर दहाच्या पाढ्यात असेल तर ते कुणीतरी अंदाजाने सांगितलेलं असतं. पन्नास म्हटल्यावर जन्म १८६८ चा, पण बाप्तिस्म्याची पुस्तकं १८६० ते १८७६ अशी चाळायची ठरवली.

निघताना 'तेओर'चा अर्ज केला. तेओर म्हणजे नोंदीचा शब्दन् शब्द असलेला दाखला, समासातल्या शेऱ्यांसकट. साधा दाखला स्वस्त आणि लवकर मिळतो, पण त्यात समासातले शेरे येत नाहीत, आणि पुढचा धागा पुष्कळदा तिथेच असतो.

दुसरा दिवस, मंगळवार : पणजी

चर्चची जुनी पुस्तकं तीन जागी असू शकतात: गावच्या चर्चमध्ये, आल्तिन्योवरच्या आर्चबिशप हाऊसच्या संग्रहात, किंवा सरकारच्या पुराभिलेख खात्यात. एकाच पॅरिशची काही वर्षं एकीकडे, काही दुसरीकडे असंही होतं. म्हणून पॅरिश आणि सालं लिहिलेला कागद घेऊन आधी चौकशी, मग बैठक. ओळखपत्र, विनंतीअर्ज आणि शिसपेन्सिल बरोबर हवी. शाईचं पेन जुन्या पुस्तकाजवळ नेऊ नये. फोटो परवानगीशिवाय काढायचा नाही. वाळवीने जाळी झालेली पानं झेरॉक्सवर उघडून दाबली की तुटतात, त्यामुळे हाताने उतरवून घ्यायची तयारी ठेवावी. दिवसाला साठसत्तर पानांपेक्षा जास्त नीट वाचून होत नाहीत. त्यापुढे डोळा हवं ते वाचायला लागतो, आणि ते घातक आहे.

वाचण्याचे खाचखळगे सांगायलाच हवेत, कारण बहुतेक चुकीच्या वंशावळी इथे जन्मतात.

महिना: आकडा ७ आणि पुढे 'ब्रो' असेल तर तो जुलै नव्हे, सेतेंब्रो, म्हणजे सप्टेंबर. ८ आणि ब्रो ऑक्टोबर, ९ आणि ब्रो नोव्हेंबर, आणि रोमन दहाची फुली व ब्रो म्हणजे डिसेंबर.

फोलियो: क्रमांक पानाला नसतो, पत्राला असतो. ३७ ची पुढची बाजू आणि मागची बाजू वेगळी. मागच्या बाजूला 'व्ही' लावतात. तो उतरवला नाही तर दाखला मागताना चुकीची नोंद हातात येते.

'नातुराल' हा शब्द: 'नातुराल द' आणि पुढे गाव म्हणजे त्या गावात जन्मलेला. पण 'फिल्यु नातुराल' म्हणजे लग्नाबाहेर झालेलं मूल. दोन्हींत गल्लत करून एखाद्या घराण्याला नसता कलंक लावलेला आम्ही पाहिला आहे.

'देफुंतु': बापाच्या नावाआधी हा शब्द असेल तर त्या दिवशी बाप मयत होता. मुलाच्या बाप्तिस्म्याला हयात आणि लग्नाला मयत, असं दिसलं की बापाच्या मृत्यूची नोंद शोधायला दहावीस वर्षांचा पट्टा आयता मिळतो.

आता आपला जुझे. १८६६ च्या पुस्तकात मिळाला. आईबापांची नावं मृत्यूच्या नोंदीशी जुळली. इथे थांबलो असतो तर चूक झाली असती. त्याच आईबापांचा आणखी एक जुझे १८६९ मध्ये. पहिलं मूल दगावलं की पुढच्या मुलाला तेच नाव द्यायची रीत होती, त्यामुळे बाप्तिस्मा सापडला की पुढची पाचसहा वर्षं मृत्यूचं पुस्तकही चाळावं. १८६६ चा जुझे वर्षाच्या आतच गेलेला होता. आपला तो १८६९ चा. मृत्यूच्या वेळी वय एकोणपन्नास, म्हणजे 'पन्नास, थोडंफार'ही बसलं.

बाप्तिस्म्याची तारीख म्हणजे जन्मतारीख नव्हे. नोंदीत दोन्ही असतील तर दोन्ही घ्याव्यात. आजी-आजोबांची नावं असतील तर एका पानात दोन पिढ्या मिळतात. आणि पाद्रीन-मादीन, म्हणजे धर्मपिता आणि धर्ममाता, ह्यांना कधीही वगळू नये. ते बहुधा जवळचे नातेवाईक. ह्या नोंदीत पाद्रीनचं आडनाव वेगळं, पण वाडा तोच आणि पुढे 'गांकार' असा शब्द. गावकार असलेला पाद्रीन आणि त्याच वाड्यावरचा बाप. इथे वांगडाचा पहिला वास आला.

लग्नाची नोंद गावात मिळाली नाही. मिळणार नव्हतीच, कारण लग्न पुष्कळदा नवरीच्या पॅरिशमध्ये लागायचं. शेजारच्या तीन पॅरिशची नावं टिपून ठेवली आणि दुपारनंतर त्यांतल्या दुसऱ्या पॅरिशच्या पुस्तकात ती निघाली. लग्नाच्या नोंदीत साक्षीदार असतात, आणि वधूवर नात्यातले असतील तर 'दिस्पेन्सा', म्हणजे अशा लग्नाला चर्चची खास परवानगी, घेतल्याचा उल्लेख असतो, कितव्या पिढीचं नातं हेही लिहितात. इथे चौथ्या पिढीची दिस्पेन्सा होती. म्हणजे पणजोबा आणि पणजी यांचा एक पूर्वज सामाईक. त्याचं नाव अजून मिळायचं आहे.

तिसरा दिवस, बुधवार : गाव

विगारांना, म्हणजे गावच्या चर्चच्या मुख्य पाद्रींना, आदल्या दिवशी फोन केला होता. सकाळच्या मिसानंतर (प्रार्थनाविधीनंतर) दहापर्यंतची वेळ बरी; एक ते चार गाव झोपतं आणि त्या वेळी कुणाचं दार वाजवू नये. चर्चच्या कपाटातलं मृत्यूचं पुस्तक आणि सरकारी नोंद दोन्ही ताडून पाहावीत. साथीच्या वर्षी हे फार गरजेचं. एका दिवसात अनेक अंत्यविधी झाले की सरकारी नोंद करायला माणूस उशिरा जातो आणि तारीख चुकीची सांगतो. पाद्रीने लिहिलेली तारीख दफनाची, सरकारी नोंदीतली मृत्यूची. आपल्या जुझेच्या बाबतीत दोन्हींत एका दिवसाचं अंतर निघालं, म्हणजे दोन्ही बरोबर.

पाद्रीच्या नोंदीत एक जास्तीची ओळ होती: कॉन्फ्रारियाच्या जागेत पुरल्याची. कॉन्फ्रारिया म्हणजे चर्चमधला भाऊबंदांचा संघ. त्याचे भाऊ ओपा-मुर्सा हा संघाचा पोशाख घालून फेस्ताला (चर्चच्या सणाला) आणि अंत्ययात्रेला येतात, आणि मेलेल्या भावाचा विधी संघ करतो. पूर्वी हे संघ जातीनिहाय होते, त्यामुळे कोणत्या कॉन्फ्रारियाचा भाऊ हे कळलं की घराणं कोणत्या समाजातलं तेही कळतं.

मग सिमितेर. कुटुंबाची खात्री होती की दगड असेल. नव्हता, आणि त्याचं कारण समजून घेतलं तर निराशा होत नाही. गोव्यात गावच्या सिमितेरीत जागा थोडी. साधा फोंड, म्हणजे कबरीचा खड्डा, काही वर्षांनी पुन्हा उघडतात, अस्थी काढून अस्थिकोठीत किंवा भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात, आणि त्याच फोंडात दुसऱ्याला पुरतात. कायमचा फोंड ज्यांनी विकत घेतला त्यांचाच दगड टिकतो. त्याहून मागे गेलात, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात किंवा आधी, तर दफन चर्चच्या आतच, जमिनीखाली. तेव्हा त्या काळच्या पूर्वजाची कबर सिमितेरीत शोधणं व्यर्थ. पुस्तकात 'ह्याच चर्चमध्ये' असं असेल तर तुम्ही उभे आहात त्या फरशीखालीच तो आहे.

जे दगड आहेत ते वाचायचे कसे? उन्हाची तिरीप हवी, म्हणजे सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर. दुपारी अक्षरं दिसत नाहीत. सावलीतल्या दगडावर बाजूने टॉर्च किंवा आरसा धरावा. शेवाळ असेल तर पाणी आणि मऊ ब्रश. तारेचा ब्रश, आम्ल, खडू, पीठ काहीही लावू नये. जांभा दगड चार पावसाळ्यांत अक्षर सोडतो, काळा दगड आणि संगमरवर टिकतो. मजकूर ठराविक असतो: 'आकी जाझ' म्हणजे इथे विसावला आहे, 'इ सेउश एर्देइरुश' म्हणजे आणि त्याचे वारस. ही दुसरी ओळ असली तर तो घराण्याचा फोंड, आणि दगडावर एकच नाव असलं तरी आत पिढ्या आहेत. प्रत्येक दगडाचा एक फोटो अक्षरांचा, एक लांबून, शेजारचे दगड दिसतील असा. शेजारी कोण हे पुढे उपयोगी पडतं.

कॉन्फ्रारियाची हिशेबाची वही बघायची होती, पण ती सांभाळणारे गृहस्थ शुक्रवारी येणार होते. गावकरीची कचेरीही शुक्रवारीच उघडी. बहुतेक गावांत ती आठवड्यातून ठराविक दिवशीच उघडते, आणि सहलीचं वेळापत्रक त्या दिवसावरून बांधावं हे उत्तम.

चौथा दिवस, गुरुवार : जुनं गोवं आणि फोंडा

मोकळा दिवस वाया घालवला नाही. जुन्या गोव्यात असीझच्या सेंट फ्रान्सिसच्या चर्चची फरशी पाहावी. जमीनभर कोरीव कबरीचे दगड, ढालींवर घराण्यांची चिन्हं. चर्चमधलं दफन म्हणजे काय ते इथे दोन मिनिटांत कळतं.

तिथून फोंडा, आणि हा भाग हिंदू वाचकांसाठी. ज्यांच्या पूर्वजाला अग्नी दिला त्यांना कबर नसते, पण देवस्थान असतं. तिसवाडी आणि साष्टीतले देव सोळाव्या शतकात पोर्तुगीज हद्दीबाहेर नेले गेले: कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. चोडणचा देवकीकृष्ण आज माशेलला आहे. फोंडा महाल पोर्तुगिजांकडे आला तो १७६३ साली. कुळदेव कळला की मूळ गाव कळतं. पुढचा कागद महाजनांच्या, म्हणजे देवस्थानात वंशपरंपरेने हक्क असलेल्या घराण्यांतल्या पुरुषांच्या, यादीचा. देवस्थानांच्या नियमांनुसार, विशेषतः १९३३ च्या कायद्यानुसार, महाजनांची नावनिशी ठेवलेली असते आणि देवस्थानांचा प्रशासक म्हणून मामलेदाराकडे तिची माहिती मिळते. ती पिढ्यांनुसार पुढे सरकते, पण फक्त पुरुषांच्या अंगाने. लेकींचा शोध त्यात संपतो. मालमत्तेची वाटणी कोर्टातून झाली असेल तर 'इन्व्हेंतारियु'चं प्रकरण शोधावं. पोर्तुगीज नागरी संहितेमुळे मुलींनाही वाटा असल्याने त्यात लेकी, जावई, परदेशी गेलेले, सगळे वारस नावानिशी येतात. आमच्या मते गोव्यातल्या वंशावळीचा ह्याहून पक्का कागद नाही.

पाचवा दिवस, शुक्रवार : पुन्हा गाव

गावकरीला पोर्तुगीज कागदांत कोमुनिदाद म्हणतात. १५२६ च्या आफोन्सो मेशियाच्या सनदेत तिचे रिवाज नोंदवले गेले, म्हणजे संस्था त्याहून जुनी. गाव मूळ पुरुषांच्या वांगडांत विभागलेलं. त्या वांगडांतल्या पुरुषांना गावच्या उत्पन्नातला 'जण', म्हणजे वाटा, मिळतो. जण घेणाऱ्याचं नाव त्याच्या बापाच्या नावासकट आणि वांगडाच्या क्रमांकासह चढतं, वयाची अट त्या गावच्या नियमाप्रमाणे. मृत्यूनंतर नाव बंद होतं. पैशाचा व्यवहार असल्यामुळे इथे खोटा वारस शिरणं कठीण, म्हणून चर्चच्या आणि गावकरीच्या नोंदीत तफावत असली तर आम्ही गावकरीकडे कल ठेवतो. फार जुन्या वह्या मोडी किंवा गोंयकानडी लिपीत असू शकतात. म्हापशाला उत्तर विभागाच्या प्रशासकाचं कार्यालय आहे, गावात नसलेल्या वह्यांची चौकशी तिथे करावी.

जुझेचं नाव मिळालं, बापाचंही. पाद्रीनचं आडनाव वेगळं असूनही तो त्याच वांगडात होता: चुलत घरातला. चौथ्या पिढीच्या दिस्पेन्साचा उलगडाही बहुधा ह्याच वांगडात आहे. त्या वांगडातले आज गावात असलेले गावकार कोण, हे एश्क्रिवांवाने, म्हणजे गावकरीच्या लेखनिकाने, वहीवर बोट ठेवून सांगितलं. काही गावांत एकाच वांगडात हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही घरं असतात, तिथे हा धागा धर्मांतराच्याही पलीकडे जातो.

दुपारी कॉन्फ्रारियाची वही. १९१८ च्या खर्चात भावांच्या अंत्यविधींच्या मेणबत्त्यांच्या ओळी एकाखाली एक, त्यांत जुझेची. संघाची जागा सिमितेरीच्या मागच्या भिंतीला लागून, डावीकडची. पुढे तिथले फोंड उघडले तेव्हा अस्थी त्याच भिंतीतल्या कोठीत गेल्या. भिंतीवर नावाची छोटी पाटी लावता येते; त्यासाठी विगार आणि फाब्रिक (चर्चचा कारभार पाहणारं मंडळ) यांच्याकडे लेखी अर्ज, सोबत मृत्यूच्या नोंदीचा तेओर आणि पाटीचं माप. अर्ज त्याच संध्याकाळी दिला. पाटीवर दोन तारखा घातल्या: बाप्तिस्म्याच्या नोंदीतली जन्माची, आणि सरकारी नोंदीतली मृत्यूची.